नकारांची वही



आयोजकांनी मला विषय दिला तो असा: 'कंपन्यांमधलं इनोव्हेशन आणि नेतृत्व यांना प्रोत्साहन'. मी फोनवर म्हटलं, अहो, मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मला साधं किराणा दुकान चालवता येणार नाही. तर ते म्हणाले, म्हणूनच बोला. म्हणूनच म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. पण नंतर लक्षात आलं, की या विषयावर बोलणारे बहुतेक जण एकतर कंपनी चालवणारे असतात, नाहीतर कंपनीला सल्ला विकणारे असतात. मला कंपनीकडून ना बढती हवी आहे ना कंत्राट. तेव्हा निदान मोकळेपणाने बोलता येईल.

आज मी एका विचारावर टीका करणार आहे. आपल्या परंपरेत टीका म्हणजे झोडपणं नाही. आधी पूर्वपक्ष नीट मांडायचा, इतका नीट, की समोरच्याने म्हणावं, हो, मला हेच म्हणायचं होतं. मग त्यात कुठे फट आहे ते दाखवायचं. तसंच करू.

१९८५ साली अमेरिकेत गिफर्ड पिंचो यांचं 'इंट्राप्रेन्युअरिंग' नावाचं पुस्तक आलं. आंत्रप्रेन्युअर म्हणजे स्वतःचा उद्योग उभा करणारा. इंट्राप्रेन्युअर म्हणजे नोकरीत राहून, कंपनीच्या आतच नवा उद्योग उभा करणारा. आज आपल्याकडच्या कंपन्यांमध्ये 'ओनरशिप घ्या', 'मालक असल्यासारखा विचार करा' ही जी भाषा ऐकू येते ना, तिला सैद्धांतिक रूप देणाऱ्या महत्त्वाच्या पुस्तकांपैकी हे एक.

पिंचो यांचं निदान बरोबर आहे. मोठी संस्था ठरलेली कामं उत्तम करते, पण नव्या कामाला शरीर जसं बाहेरच्या पदार्थाला विरोध करतं तसा विरोध करते. हा विरोध कोणी दुष्टपणाने करत नाही. प्रत्येक खातं आपापलं काम चोख करत असतं आणि त्या चोखपणातच नवी गोष्ट मरते. हे ज्याने नोकरी केली आहे, त्याला वेगळं सांगायला नको.

पण या पुस्तकातल्या दहा आज्ञा फार प्रसिद्ध झाल्या. पहिलीच अशा अर्थाची आहे, की रोज कामावर येताना नोकरी जाण्याची तयारी ठेवून या. पुढे आहे, तुमचं स्वप्न थांबवणारा हुकूम आला तर त्याला वळसा घाला. आणखी एक आहे, आधी परवानगी मागण्यापेक्षा नंतर माफी मागणं सोपं. तरुण माणसाच्या अंगावर रोमांच उभे राहतील असं हे आहे. माझ्याही अंगावर आले असते, पंचविशीत.

न्यायाने बोलायचं तर पिंचो यांनी कंपन्यांनाही सांगितलं होतं, की चुका सहन करा, पैसा लावून धीर धरा. पण पुस्तकातलं काय प्रवास करतं ते बघा. नोकरांना सांगितलेल्या आज्ञा भिंतींवर लागल्या. मालकांना सांगितलेलं पानातच राहिलं.

आता माझा प्रश्न. हा सगळा उपदेश कोणाला केला आहे? ज्याच्या हातात सगळ्यात कमी सत्ता आहे, त्याला. धाडस त्याने करायचं, नोकरी त्याने पणाला लावायची, माफी त्याने मागायची. आणि कल्पना फळाला आली तर नफा कोणाचा? तो कंपनीचा. मालकासारखा विचार कर म्हणता, पण मालकाला तोटा झाला तरी त्याची खुर्ची राहते. याची जाते. हा विचार मालकासारखा होणार कसा?

कोणी म्हणेल, प्रोफेसर, तुम्ही उगाच वर्गलढा आणताय. धाडसी माणसांनीच इतिहास घडवला आहे. ठीक. मग धाडसी माणसांचीच गोष्ट घेऊ.

थ्रीएम ही कंपनी त्या काळात सँडपेपर, म्हणजे आपला पॉलिशपेपर बनवायची. १९२१ साली रिचर्ड ड्र्यू नावाचा तरुण तिथे प्रयोगशाळेत साध्या मदतनिसाच्या कामावर लागला. सँडपेपरचा नमुना घेऊन तो मोटारी रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये जायचा. तेव्हा दोन रंगांच्या गाड्यांची फॅशन होती. एक रंग दिल्यावर तो झाकण्यासाठी कागद चिकटवायचे, आणि तो काढताना खालचा ताजा रंगही निघून यायचा. रंगारी वैतागायचे. ड्र्यूच्या मनात आलं, रंग न उपटणारी पट्टी करता येईल. वरिष्ठ विल्यम मॅकनाइट यांनी त्याला हे सोडून सँडपेपरच्या कामाला लाग असं सांगितलं. तो थोडा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. पुढे यंत्रासाठी पैसे नाकारले गेले, तेव्हा त्याने आपल्या अधिकारात बसणाऱ्या शंभर-शंभर डॉलरच्या खरेदीत त्याचे तुकडे पाडले. १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार झाली, १९३० मध्ये पारदर्शक चिकटपट्टी.

व्याख्यानांत ही गोष्ट इथे संपते, आणि टाळ्या पडतात. बघा, ड्र्यूने हुकूम मोडला म्हणून जग बदललं!

मी ही गोष्ट जरा वेगळी वाचतो. कंपनीत सांगितलं जातं, की मॅकनाइट एकदा प्रयोगशाळेत आले, नको सांगितलेलं काम चालू असलेलं त्यांनी पाहिलं, आणि काही न बोलता निघून गेले. मला या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची कृती ती वाटते. ते ओरडू शकत होते. ड्र्यूला काढू शकत होते. कोणी त्यांना दोष दिला नसता. गप्प राहून त्यांनी धोका स्वतःकडे घेतला, कारण उद्या पैसे बुडाले असते तर 'तुम्ही पाहिलंत, मग थांबवलं का नाही' हा प्रश्न त्यांना आला असता. आणि त्याहून मोठं म्हणजे, या अनुभवातून त्यांनी नियम बदलला. १९४८ मध्ये त्यांनी व्यवस्थापनाची जी तत्त्वं मांडली, त्यांचा आशय असा, की काम सोपवलं की चुका होणारच, पण वरून प्रत्येक गोष्ट कशी करायची ते सांगणं ही त्याहून मोठी चूक आहे. पुढे तिथल्या तंत्रज्ञांना कामाच्या वेळेपैकी १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांवर घालवायची मुभा मिळाली.

म्हणजे काय झालं? ड्र्यूला जे चोरून करावं लागलं, ते त्याच्यानंतरच्याला उघडपणे करता आलं. त्याच कंपनीत १९६८ मध्ये स्पेन्सर सिल्व्हर यांनी एक गोंद बनवला, जो नीट चिकटतच नव्हता. त्याचा उपयोग १९७४ च्या सुमारास आर्ट फ्राय यांना सुचला, कारण चर्चमध्ये गाताना भजनाच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या खाली पडायच्या. पोस्ट-इट कागद अमेरिकाभर विक्रीला आले १९८० मध्ये. बारा वर्षं! या बारा वर्षांत न चिकटणाऱ्या गोंदाच्या माणसाला कोणीतरी पगार देत होतं आणि त्याचं ऐकूनही घेत होतं. इथे सिल्व्हर यांची चिकाटी आहेच. पण रोज नोकरी पणाला लावून बारा वर्षं कोणी काम करू शकत नाही. घरी भाडं द्यायचं असतं हो.

आता दुसरी बाजू. धाडसी माणूस आहे, त्याला परवानगी मिळाली आहे, आणि तरीही काम फसलं, असं होतं का? होतं. कोडॅक.

१९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने फिल्म नसलेला कॅमेरा बनवला. साडेतीन किलोहून जास्त वजनाचं धूड. शंभर गुणिले शंभर ठिपक्यांचं काळंपांढरं चित्र, ते कॅसेटवर साठवायला २३ सेकंद लागत, आणि मग टीव्हीवर बघायचं. त्याने हे चोरून केलं नव्हतं, वरिष्ठांनीच काम दिलं होतं. त्याने कंपनीतल्या मोठ्या लोकांना ते दाखवलं. १९७८ मध्ये पेटंटही मिळालं. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

इथे लोक पटकन म्हणतात, कोडॅकचे साहेब मूर्ख होते. मला तसं वाटत नाही. फिल्म, कागद, रसायनं यांतून त्यांना घसघशीत नफा मिळत होता. समोरचं चित्र अंधुक होतं. त्या दिवशी, त्या टेबलावर, 'आत्ता नको' हे उत्तर अगदी शहाणपणाचं होतं. चूक वेगळ्या ठिकाणी आहे. निर्णय ज्यांच्या हातात होता, त्यांचं सगळं मोठेपण फिल्मवर उभं होतं. होकार दिला असता तर त्यांनाच किंमत मोजावी लागली असती. नकाराची किंमत त्यांना शून्य होती. ती अनेक वर्षांनी हजारो कामगारांनी मोजली.

आज मला जे म्हणायचं आहे त्याच्या गाभ्याशी आपण आता आलो. कोणत्याही संस्थेत होकाराची चूक वहीत लागते, नकाराची लागत नाही. तुम्ही नव्या कामाला हो म्हणालात आणि ते बुडालं, तर त्याला रक्कम असते, तारीख असते, तुमची सही असते. तुम्ही नाही म्हणालात आणि ती कल्पना सोन्याची होती, तर कुठेच काही नोंद नाही. जे जन्मलंच नाही त्याची मृत्युनोंद कोण करणार? अशा हिशेबात कोणताही समजदार अधिकारी नाहीच म्हणेल. त्याला भित्रा म्हणू नका, तो फक्त वही नीट वाचतो आहे.

आणि अशा वहीसमोर तुम्ही कर्मचाऱ्याला कितीही कार्यशाळा द्या, काय होतं ते सांगतो. आमच्या सोसायटीतला एक मुलगा वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. तिथे नियम झाला, दर महिन्याला प्रत्येक कामगाराकडून दोन सूचना. आता महिनाअखेरीला हा बिचारा बसून चाळीस सूचना स्वतःच लिहितो. पंख्याची दिशा बदलावी. कचऱ्याचा डबा डावीकडे ठेवावा. मी हसलो. तर तो म्हणाला, "काका, हसू नका. एक खरी सूचना पण होती." एका कंत्राटी पोराने त्याला दाखवलं होतं, की अमुक फिक्स्चरमुळे प्रत्येक पार्टवर बारीक ओरखडा येतोय. मी म्हटलं, मग ती का नाही लिहिलीस? म्हणाला, "काका, ते फिक्स्चर कोणी पास केलं, हा प्रश्न आला असता ना. ती सूचना नाही राहिली, ती तक्रार झाली असती."

बघा, त्या पोराकडे कल्पना होती. धाडसही होतं, त्याने सांगितलं. नव्हती ती सांगितल्यावर पुढे जायला वाट. आणि तो कंत्राटी. काही महिन्यांचा करार, पुढचा मिळेल न मिळेल. त्याला सांगा बरं, रोज नोकरी जाण्याची तयारी ठेवून ये. तो म्हणेल, साहेब, मी तशीच ठेवून येतो, वेगळं काय सांगताय?

याच्या उलट उदाहरण आहे, आणि ते मला फार शिकवून गेलं. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. कुप्रसिद्ध. गैरहजेरी, भांडणं, बेकायदा संप, निकृष्ट गाड्या. १९८२ मध्ये तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तो 'नुमी' या नावाने पुन्हा सुरू झाला. बहुतेक कामगार तेच, युनियन तीच. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या जवळ गेला.

तीच माणसं! म्हणजे आळस, बेपर्वाई हे जे आपण माणसाच्या स्वभावात टाकतो, ते पुष्कळसं व्यवस्थेत होतं.

जुन्या कारखान्यात दंडक होता, की काहीही होवो, लाइन थांबता कामा नये. गाडी चुकीची जुळली तर जाऊ दे, नंतर बाहेर दुरुस्त करू. नव्या कारखान्यात प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोर होता. अडचण दिसली की ओढायचा. लगेच दिवा लागे आणि टीम लीडर धावत येई, मदतीला. ठरलेल्या वेळात प्रश्न सुटला तर ठीक, नाहीतर लाइन थांबे.

या दोराबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. एका अटीबद्दल कमी बोललं जातं. तिथल्या करारात व्यवस्थापनाने मान्य केलं होतं, की मंदी आली तर कामगार कमी करण्याआधी दुसरे उपाय करायचे, आणि त्यात अधिकाऱ्यांचे पगार कापणंही आलं. म्हणजे धोक्याचा क्रम उलटा केला. आधी वरच्याने सोसायचं. पुढे मागणी घटली तेव्हाही त्यांनी माणसं काढली नाहीत, त्यांना प्रशिक्षणात घातलं. आता दोर ओढायला हात का उचलला जातो, ते कळतं ना? दोर बाजारात मिळतो. हा क्रम बाजारात मिळत नाही. जनरल मोटर्सला हा धडा आपल्या बाकीच्या कारखान्यांत न्यायला फार वर्षं लागली, आणि तो अर्धवटच गेला.

विषयाचं नाव सांगितलं तेवढं सोडलं, तर नेतृत्व हा शब्द मी अजून उच्चारला नव्हता, तो मुद्दाम. नेतृत्व म्हणजे पुढे उभं राहून भाषण करणं, अशी आपली समजूत. नुमीमध्ये दिवा लागल्यावर जो धावत येऊन विचारतो, 'काय झालं, मी काय करू?', तो नेता. आणि ज्याने दोर ओढला तोही नेता, त्या क्षणापुरता. संस्थेत नेतृत्व असंच फिरतं असावं लागतं.

आता माझ्या विषयाकडे येतो, तत्त्वज्ञानाकडे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. वादात दोघांनाही तत्त्वाचा निर्णय हवा असतो. जल्पात जिंकायचं असतं, त्यासाठी शब्दच्छलही चालतो. वितंडेत स्वतःचं काहीच मांडायचं नाही, फक्त दुसऱ्याचं पाडायचं. आपल्या मीटिंगा आठवून बघा. नवी कल्पना मांडणारा एकटा, आणि भोवती चार वितंडवादी. बजेट कुठे? पूर्वी कोणी केलंय का? ऑडिटने विचारलं तर? प्रश्न चुकीचे नसतात. पण विचारणाऱ्याला स्वतः काहीच सिद्ध करायचं नसतं, म्हणून तो हरूच शकत नाही.

आणि गंमत बघा. वाद फक्त बरोबरीच्या लोकांत होतो, असं न्यायशास्त्र म्हणत नाही. शिष्य, गुरू, सहाध्यायी या सगळ्यांशी वाद करावा असं सांगितलं आहे. अट एकच, की त्यांच्या मनात असूया नसावी. गुरू-शिष्यांत सत्तेचा केवढा फरक! तरी वाद होऊ शकतो. तेव्हा 'वरिष्ठ-कनिष्ठ असल्यामुळे मोकळी चर्चा शक्यच नाही' हेही मी मानत नाही. शक्य आहे. पण मग वरच्यालाही सिद्ध करावं लागेल, की माझा नकार का बरोबर आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. बक्षिसं कमी द्या, एक वही करा. नकारांची वही. जी कल्पना नाकारली, ती एका ओळीत. कोणी नाकारली आणि का, दुसऱ्या ओळीत. पुन्हा कधी बघायची, ती तारीख तिसऱ्या ओळीत. आणि वर्षातून एकदा ती वही, ज्यांच्या कल्पना होत्या त्यांच्यासमोर, मोठ्याने वाचा.

यावर आक्षेप येतील, यायलाच हवेत. एक, अधिकारी घाबरून सगळ्याला हो म्हणतील आणि कंपनी बुडेल. नाही बुडणार, कारण होकाराची वही आहेच की, ती कुठे जात नाही. मी फक्त तराजूचं दुसरं पारडं लावतोय. नकार द्यावेच लागतात. पैसा मर्यादित असतो, दहा कल्पनांतल्या नऊ खरोखरच टाकाऊ असू शकतात. नकाराला नाव, कारण आणि तारीख असावी, एवढंच. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: लोक वहीत गुळगुळीत कारणं लिहितील. लिहितील. वही माणसाला प्रामाणिक करत नाही. पण तेच गुळगुळीत कारण तिसऱ्या वर्षी मोठ्याने वाचताना आवाज अडखळतो, एवढा विश्वास मला माणसावर आहे.

शेवटी एक सांगतो आणि थांबतो. हे सगळं मी दुसऱ्यांना सांगतोय, तर माझी वही उघडायला हवी.

मी विभागप्रमुख होतो. तासिका तत्त्वावर शिकवणारी एक तरुण मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, तर्कशास्त्र शिकवताना 'सर्व मानव मर्त्य आहेत' हेच किती वर्षं सांगायचं? आपण कोर्टाचे निकाल घेऊ, वर्तमानपत्रातले अग्रलेख घेऊ, त्यातले युक्तिवाद मुलांना सोडवायला देऊ. मी टिपणं काढली आहेत." वही होती तिच्या हातात. मी ती उघडूनही पाहिली नाही. म्हटलं, "कल्पना छान आहे. पण तू आधी कायम हो, मग बघू."

ती "बरं सर" म्हणाली. पुन्हा कधी काही सुचवलं नाही. कायम झालीच नाही, दोन वर्षांनी बँकेची परीक्षा देऊन निघून गेली. जागा निघाल्या नाहीत, तो माझा दोष नव्हता. पण ती टिपणं वाचायला जागा निघायची गरज नव्हती. मला भीती होती, की अभ्यास मंडळात कोणी विचारलं तर उत्तर मला द्यावं लागेल. एवढीच.

माझ्या सेवापुस्तकात रजा आहेत, वेतनवाढी आहेत, निवृत्तीची तारीख आहे. तो नकार त्यात कुठेही नाही. माझ्या नावावर तो कधी लागलाच नाही. तिच्या नावावर मात्र लागला.

आज तुमच्यासमोर तेवढी एक नोंद करतो.